गळ्यावरची टिकली

स्वरयंत्र काढून टाकल्यानंतर दोन वर्षांनी मोरेश्वर घरत पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आरशासमोर बसले होते. डॉ. सबा मुकादम त्यांच्या हनुवटीखाली, गळ्यावर, रुपयाएवढी पातळ चकती चिकटवत होत्या. तशीच दुसरी जबड्याच्या कोपऱ्याशी, कानाच्या खाली.

"जरा गार लागेल," सबा म्हणाल्या. "आता बोला काका. पूर्वी बोलायचात तसं. आवाज येत नाही हे विसरून जा."

तीस वर्षं रायगड जिल्ह्यातल्या मैदानांवर कबड्डीचं समालोचन केलेल्या माणसाला काय बोलावं ते सुचेना. मग सवयीनेच त्यांचे ओठ हलले. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून आवाज आला, "हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. एक, दोन, तीन."

आवाज त्यांचाच होता. 'तीन'चं शेपूट किंचित ओढण्याची लकबसुद्धा त्यांचीच. मोरेश्वरांनी आरशात पाहिलं, मग सबाकडे पाहिलं, आणि खिशातून रुमाल काढला.

सबा मूळच्या मुरुडच्या. त्यांनी हा आवाज लहानपणी मैदानाबाहेरच्या झाडावर बसून ऐकला होता. आवाज गेलेल्या माणसांपैकी पहिला प्रयोग कोणावर करायचा हे ठरवताना त्यांनी मोरेश्वरांचं नाव सुचवलं, त्याला मात्र कारण वेगळं होतं. मोरेश्वरांचा मंडप आणि साउंडचा धंदा होता आणि ते आपलं प्रत्येक समालोचन ध्वनिमुद्रित करून ठेवत. एका माणसाचा एवढा आवाज दुसरीकडे कुठे मिळाला नसता. मोरेश्वरांनी महिनेच्या महिने स्वतःच्या जुन्या सामन्यांबरोबर ओठ हलवले होते. कुठल्या शब्दाला गळा कसा थरथरतो हे संगणक त्यातूनच शिकला.

"पण आवाजच नाही, तर हे पकडतं काय?" मोरेश्वरांनी विचारलं. प्रश्न स्पीकरमधून आला आणि विचारून झाल्यावर ते स्वतःच हसले.

"बोलणं म्हणजे नुसतं स्वरयंत्र नाही," सबा म्हणाल्या. "जीभ, टाळू, गळ्याचे स्नायू, सगळे हलतात. तुमचं स्वरयंत्र गेलं, बाकीचे अजून कामावर आहेत. आता वाटीवर चमचा वाजवला तर ती एका ठरावीक सुरात वाजते ना? वाटीत पाणी ओतलं की सूर बदलतो. या चकतीत तांब्याची एक कडी आहे, एका जागी तुटलेली. तिच्यात सूक्ष्मलहरी सोडल्या की तीसुद्धा आपल्या ठरावीक सुरात घुमते. कानाला ऐकू येत नाही, कारण ते घुमणं सेकंदाला अब्जावधी वेळांचं असतं. कडीभोवतीचं विद्युतक्षेत्र थोडं बाहेर सांडतं आणि कातडीच्या आत शिरतं. आत आहे काय? बहुतेक पाणीच. ते पाणी धरून बसलेला स्नायू केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका सरकला, तरी कडीचा सूर ढळतो. आम्ही तो ढळलेला सूर मोजतो."

"सूक्ष्मलहरी म्हणजे त्या ओव्हनमधल्या?"

"जात तीच, ताकद नाही. यांच्यावर तुमचे पोहेसुद्धा कोमट होणार नाहीत."

गावी परतल्यावर जागृतीने, त्यांच्या बायकोने, चकतीला लगेच नाव ठेवलं. टिकली. "मी कपाळावर लावते, तुम्ही गळ्यावर लावा," ती म्हणाली. त्यांचं गाव पेणच्या खाली, खाडीच्या बाजूला. दोन वर्षं धंदा तीच बघत होती. लग्नसराईतली बोलणी, पोरांना कामावर पाठवणं, स्पीकर जळला तर दुरुस्तीला नेणं. पूर्वी या सगळ्याला घरत साउंड सर्व्हिसचे मालक फोनवर मोठ्याने बोलत असत. आता मालकीण हळू बोलत होती आणि कामं होत होती.

त्या दिवशी मोरेश्वरांनी ओसरीवर बसून चहा मागितला. दोन वर्षांत पहिल्यांदा, तोंडाने. जागृती आत गेली. बराच वेळ चहा आला नाही. ते उठून स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती.

"काय झालं?"

"काही नाही. परत एकदा मागा."

त्यांनी परत एकदा मागितला.

शेजारच्या गावच्या मंडळाने महिनाभरातच त्यांना सामन्याला बोलावलं. छातीवर अडकवलेल्या टिकलीच्या यंत्राला माईक जोडला गेला, टाळ्या झाल्या, आणि सामना सुरू झाल्यावर घोटाळा लक्षात आला. टिकली शब्द पुरता होऊ द्यायची, तो खरंच बोलायचा होता का याची खातरजमा करायची आणि मग उच्चारायची. घरात चहा मागायला एवढा उशीर चालतो. कबड्डीत चालत नाही. चढाईपटू गडी टिपून मध्यरेषेला परत पोचायचा, पंचांची शिट्टी व्हायची, लोक ओरडून गप्प व्हायचे, आणि मग लाउडस्पीकरवरून आवाज यायचा, "गेला, गेला, हात लावून गेला." मुलं हसू लागली. मोठ्यांनी हसू आवरलं, ते मोरेश्वरांना जास्त लागलं.

ते पुण्याला गेले. सबांनी ऐकून घेतलं.

"दुसरी एक जोडणी आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही ती बंद करून ठेवली होती. शब्द ओठांवर येण्याच्या आधी जीभ आणि गळा त्याची तयारी करतात. अगदी बारीक थरथर असते, पण टिकलीला दिसते. तिथेच शब्द पकडला तर उशीर राहात नाही. उलट तुमच्या पूर्वीच्या बोलण्यापेक्षाही चपळ होईल."

"मग बंद का ठेवली?"

"कारण जे बोलायचं नाही असं ठरवून माणूस गिळतो, त्याचीही तयारी गळा आधी करतोच. बोललेलं आणि गिळलेलं, दोन्ही सुरुवातीला सारखीच थरथरतात. वेगळी कशी काढायची हे आम्हाला अजून सापडलेलं नाही. कदाचित तिथे फरक नसेलच."

मोरेश्वरांनी विचार केला. समालोचन करणारा माणूस गिळतो काय? जे दिसतं ते सांगणं, हेच तर त्याचं काम. त्यांनी सबांना तसं सांगितलं. सबांनी कागदावर त्यांची सही घेतली, आणि यंत्राला एक छोटी कळ बसवून दिली. वर केली की चपळ, खाली केली की सावकाश.

चपळ टिकलीचा पहिला प्रसाद शेजारच्या दत्तारामला मिळाला. दत्ताराम मुलाकडे मस्कतला जाऊन आला होता आणि तिथल्या रस्त्यांचं वर्णन करत ओसरीवर बसला होता. मोरेश्वर मान डोलावत होते. एकाएकी त्यांच्या छातीवरच्या स्पीकरमधून मोकळा, प्रसन्न आवाज आला, "हे तिसऱ्यांदा ऐकतोय." दत्ताराम दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "कळ खाली कर, मग सांगतो." मोरेश्वरांनी केली आणि चौथ्यांदा ऐकलं.

मैदानावर मात्र त्यांचं म्हणणं खरं निघालं. सराव सामन्यांत टिकली त्यांच्या डोळ्यांबरोबर धावत होती. चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकायच्या आत लोकांना ते ऐकू येई. म्हातारे प्रेक्षक म्हणत, मोऱ्या आता पंचविशीतल्यापेक्षा बरा बोलतो. मोरेश्वर खूश होते. घरी आल्यावर ते कळ खाली करत, आणि आपण सुटलो असं त्यांना वाटे.

त्यांची मुलगी मनस्वी तेवीस वर्षांची होती आणि जिल्ह्याच्या महिला संघातून चढाया करायची. तिच्या सामन्यांचं समालोचनही मोरेश्वरांनीच केलेलं, ती शाळेत होती तेव्हापासून. माईकवर ती त्यांना बाकी खेळाडूंसारखीच. कोणी म्हणू नये की घरत मुलीला झुकतं माप देतो. जमलेली चढाई जमली म्हणायचं, फसलेली फसली म्हणायचं.

यंदाच्या विभागीय स्पर्धेला एका मोठ्या बँकेच्या महिला संघाच्या प्रशिक्षक येणार होत्या. संघात निवड म्हणजे नोकरी. मनस्वी पहाटे खाडीच्या बांधावर पळायला जात होती, दिवसभर आईबरोबर मंडपाच्या कामावर असायची, संध्याकाळी सराव करायची. गणपतीच्या सुमारास मोरेश्वरांच्या ध्यानात आलं की ती माडीचा जिना उतरताना कठड्याला धरून, आडवी होऊन उतरते. उजवा पाय आधी खाली टाकते, वाकवत नाही. आई समोर असली की सरळ उतरते, पण दात आवळून.

त्यांना विचारायचं होतं. ती जेवायला बसली की प्रश्न त्यांच्या गळ्यापर्यंत येई. विचारलं तर दवाखान्यात न्यावं लागेल, दवाखान्यात नेलं तर ही स्पर्धा जाईल. इतकी वर्षं तिने याचीच वाट पाहिली. स्पर्धा होऊ दे, मग बघू, असं स्वतःला सांगून ते कळ खालीच आहे ना हे चाचपून बघत.

विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना पनवेलच्या बंदिस्त क्रीडागृहात होता. जागृती तिसऱ्या रांगेत बसली होती. समालोचकाचं टेबल मॅटच्या अगदी कडेला. मोरेश्वरांनी कळ वर केली. समोरचा संघ ठाण्याचा, बचाव भक्कम. मध्यंतरापर्यंत गुण जवळजवळ बरोबरीत होते. मोरेश्वर रंगात आले होते. टिकली चेंडूसारखी उसळत होती. हे सगळं आपल्याला परत मिळालं, असं मनात येऊन ते मध्येच सुखावले, आणि तेसुद्धा लाउडस्पीकरवर आलं, "काय मजा आहे राव." लोक हसले.

उत्तरार्धात एका चढाईत मनस्वी कोपऱ्यातल्या पकडीतून झटका देऊन सुटली. सुटली, पण परतताना उजव्या पायावर जोर घेताना क्षणभर थांबली. प्रेक्षकांत कोणालाही ते दिसलं नसावं. थोड्या वेळाने ती पुन्हा चढाईला निघाली.

"चढाईला पुन्हा मनस्वी घरत," लाउडस्पीकर म्हणाला. "मध्यरेषा ओलांडली, डाव्या बगलेला सरकतेय, उजवा गुडघा वाकत नाहीये तिचा, गणपतीपासून दुखतोय, सांभाळ गं बाळा, त्या पायावर नको जाऊस."

एवढ्या भरलेल्या क्रीडागृहात मॅटवरचा तिचा 'कबड्डी, कबड्डी' तेवढा ऐकू येत होता. ती कोणाला न शिवता परत आली. मध्यरेषेवर उभी राहून तिने टेबलाकडे पाहिलं. ठाण्याच्या कर्णधार मुलीनेही पाहिलं, मग मनस्वीच्या पायाकडे पाहिलं, आणि आपल्या कोपऱ्यातल्या मुलीच्या कानाशी लागली.

मोरेश्वरांनी गळ्यावरची टिकली उपटून काढली. कातडी जळजळली. शेजारी बसलेल्या स्पर्धेच्या चिटणीसाकडे त्यांनी माईक सरकवला आणि हाताने खूण केली, तू बोल. त्या भल्या माणसाने कधी समालोचन केलं नव्हतं. तो नुसते गुण वाचू लागला.

पुढचं मोरेश्वर समालोचकाच्या खुर्चीत पहिल्यांदाच गप्प बसून बघत होते. ठाण्याच्या मुली आता सगळ्या तिच्या उजव्या पायावर टपल्या होत्या. मनस्वीच्या ते लक्षात आलं होतं. पुढच्या चढाईत तिने तोच पाय पुढे केला. अगदी सहज, जणू विसरली आहे, असा कोपऱ्याच्या आवाक्यात ठेवला. कोपऱ्यातली मुलगी झेपावली. तिच्या मदतीला शेजारची धावली. मनस्वीने पाय मागे ओढला, डाव्या पायावर गिरकी घेतली आणि झुकलेल्या दोघींच्या पाठीला हात लावून परत आली. दोन गुण. चिटणीस सगळं विसरून माईकवर "अरे वा" म्हणाला. पुढे तिने हेच पुन्हा एकदा केलं आणि जमलं. तिसऱ्यांदा ठाण्याच्या मुली फसल्या नाहीत. त्यांनी तिला मांडीला धरून खाली पाडलं. ती उठली तेव्हा लंगडत होती. पण तोवर आघाडी पुरेशी झाली होती. रायगड तीन गुणांनी जिंकलं.

बँकेच्या प्रशिक्षक प्रतिमा साळवी मनस्वीपाशी आल्या, तेव्हा ती बाकावर बर्फाची पिशवी गुडघ्याला लावून बसली होती. मोरेश्वर आणि जागृती जवळच उभे होते.

"सवय चांगली आहे तुला, डोकं चालवायची," साळवीबाई म्हणाल्या. "पण असा गुडघा घेऊन मी कोणाला संघात घेत नाही. एमआरआय कर, काय निघतंय ते बघ, बरी हो. मग माझ्याकडे ये."

"यंदा नाही म्हणजे?"

"यंदा नाही."

पनवेलहून गावी परतताना टेम्पो जागृती चालवत होती. घरी आल्यावर मनस्वीने चपला काढल्या आणि ओसरीवरच बसली. मोरेश्वरांनी टिकली पुन्हा लावली, कळ खाली केली आणि तिच्या समोर बसले.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"जिना उतरताना पाहिलं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

टिकली सावकाश होती. उत्तर यायला वेळ लागला. "बोललो असतो तर तू खेळली नसतीस."

"आणि न बोलून काय झालं? अख्ख्या पनवेलला सांगितलंत. मला एकटीला सांगता नाही आलं."

मोरेश्वर तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले.

"मी तरी काय केलं असतं," मनस्वी खाली बघत म्हणाली. "नाकबूलच केलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मला बरंच वाटत होतं. वाटत होतं, यांना दिसलं नाही."

"मला दिसतं," मोरेश्वर म्हणाले. "मी तीस वर्षं तेवढंच करतोय. जे दिसलं ते तुला सांगायला हवं होतं. खेळायचं की नाही ते तू ठरवलं असतंस. मी तुझ्या वतीने ठरवून बसलो. चुकलं माझं."

जागृती दारात उभी होती. "दोघांनाही ठाऊक होतं," ती म्हणाली. "आणि मी तुमच्यासाठी रोज भाकऱ्या थापत होते. मला कोणीच सांगायचं नव्हतं?"

ती आत गेली, तेल गरम करून आणलं आणि मनस्वीच्या पायाशी बसली. "कुठे दुखतं ते नीट दाखव," ती म्हणाली. मनस्वीने दाखवलं. मग मात्र ती रडली, आणि रडता रडता म्हणाली की त्या दोन चढाया फारच भारी झाल्या होत्या, नाही का? मोरेश्वर म्हणाले, "पहिली दुसरीपेक्षा बरी होती. दुसरीत तू हात लावायला घाई केलीस." ती ओल्या तोंडाने हसली.

एमआरआयमध्ये आतला अस्थिबंध अर्धा फाटलेला निघाला. अलिबागच्या सर्जनने सांगितलं, आणखी एक स्पर्धा खेळली असती तर उरलेलाही गेला असता, आणि मग परत खेळण्याची गोष्टच नको. शस्त्रक्रिया झाली. मनस्वी कुबड्यांवर घरी आली, आणि गाद्यांवर बसून मंडपाच्या ऑर्डरी फोनवर घेऊ लागली.

डॉ. सबा तिला बघायला मुद्दाम गावी आल्या. येताना त्यांनी मुरुडहून सोलकढीसाठी आमसुलं आणली होती आणि चेहरा पडलेला होता.

"मी ती जोडणी कायमची काढून टाकते, काका," त्या म्हणाल्या. "मुळात द्यायलाच नको होती."

"काढू नका," मोरेश्वर म्हणाले. "ती खोटं बोलली का?"

"नाही. तोच तर प्रश्न आहे."

"मग मला ठरवू द्या कुठे वर करायची आणि कुठे नाही. मैदानावर विचार न करता वर केली, तिथे माझी चूक झाली."

सबांनी जागृतीकडे पाहिलं. जागृती म्हणाली, "राहू दे. मलाही एकदा वापरायचीय."

तिने ती त्याच दिवशी वापरली. सबा गेल्यावर ती मोरेश्वरांसमोर बसली, स्वतः हात लांब करून त्यांच्या यंत्राची कळ वर केली, आणि म्हणाली, "आता तुमचा आवाज परत आलाय. धंदा परत तुम्ही बघणार का?"

हा प्रश्न ती बरेच दिवस मनात घेऊन होती. पूर्वी विचारला असता तर मोरेश्वरांनी जरा विचार करून, तिला बरं वाटेल आणि आपलीही शोभा राहील असं काही उत्तर जुळवलं असतं. आता जुळवायला अवकाश नव्हता. तिचं वाक्य पुरतं व्हायच्या आत स्पीकर म्हणाला, "नको, तू माझ्यापेक्षा बरं चालवतेस, मला त्याची थोडी लाज वाटते पण बरंही वाटतं, पाटीवर तुझं नाव घालू या."

मोरेश्वरांनी तोंडावर हात ठेवला. जागृतीने कळ खाली केली.

"झालं माझं काम," ती म्हणाली. नवीन पाटी 'जागृती साउंड सर्व्हिस' अशी आली तेव्हा ती दत्तारामने खांबावर चढून बसवली.

मोरेश्वरांनी आपल्यापुरतं एक ठरवून टाकलं. निवडीचे, पदकांचे, कोणाच्या नोकरीचे सामने ते घेत नसत. त्यांना समालोचक दुसरा असे. गावच्या उत्सवातले, जत्रेतले सामने मात्र ते कळ वर करून बोलत, आणि आयोजक ते आधीच जाहीर करत. "उजव्या कोपऱ्याने मस्त पकड केली, याचे वडीलही असेच पकडायचे, पंचांना भूक लागलेली दिसते, शिट्टी वाजवताना वड्यांकडे बघतायत." पंच हसले, कोणीतरी त्यांना मध्यंतरात वडापाव नेऊन दिला. लोक खेळ बघायला येत, तसे हे ऐकायलाही येऊ लागले. कधी एखाद्याला टोचतही असे. मग मोरेश्वर सामना संपल्यावर त्या खेळाडूकडे जाऊन, कळ खाली करून, सावकाश बोलत. बहुतेक वेळा तो म्हणे, काका, बरोबरच होतं.

घरातही काही बदललं, ते सगळ्यांत आधी मनस्वीच्या लक्षात आलं. वडील काहीबाही सांगू लागले होते. आज पाय बरा टाकतेस. ही वांगी मला आवडत नाहीत, तीस वर्षं खातोय. रात्री खोकला आला तर मला अजून भीती वाटते. साधी वाक्यं, पण पूर्वी त्यांच्याकडून कधी आली नव्हती. "बाबा, टिकली वर आहे का?" तिने एकदा विचारलं. त्यांनी यंत्र फिरवून दाखवलं. कळ खाली होती.

पुढल्या वर्षी साळवीबाईंनी तिला चाचणी सामन्याला बोलावलं. सामना चिपळूणला होता. समालोचनाला रत्नागिरीचा एक तडफदार माणूस होता. मोरेश्वर आणि जागृती प्रेक्षकांत बसले, वरच्या पायऱ्यांवर, शेंगदाणे खाणाऱ्या एका अनोळखी गृहस्थाच्या शेजारी. मोरेश्वरांनी कळ वर केली. लाउडस्पीकर नव्हता, छातीवरचा छोटा स्पीकर तेवढा होता, आणि सभोवार सगळेच ओरडत होते. त्यात आणखी एकाचं काय.

मनस्वीची पहिली चढाई रिकामी गेली. दुसरीत ती उजव्या पायावर वळली, पूर्ण वाकून वळली, आणि कोपऱ्यातल्या मुलीला टिपून परत आली. जागृतीने मोरेश्वरांचं मनगट घट्ट धरलं. पुढच्या चढाईत ती पकडली गेली आणि बाहेर जाऊन बसली. काही वेळाने परत आत आली. पाय ठीक होता. मोरेश्वर तो पाय बघत होते आणि सगळं मोठ्याने सांगत होते, वळली, वाकली, उठली, शाब्बास, आता डावीकडे, घाई नको, घाई नको.

शेंगदाणेवाले गृहस्थ बराच वेळ त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. त्यांनी गळ्यावरची चकती पाहिली, पण तिच्याबद्दल विचारलं नाही.

"पाहुणे, कोणाकडून आहात तुम्ही?" त्यांनी विचारलं. "लाल की निळा?"

आयुष्यभर मोरेश्वर या प्रश्नाला, दोघांकडून, असं हसून म्हणत आले होते. तेच म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. टिकली त्यांच्या आधी बोलली.

"सात नंबरकडून."

गृहस्थांनी मॅटवर सात नंबर शोधला. ती मध्यरेषेपाशी उभी होती, पुढच्या चढाईसाठी मनगटं झटकत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मोरेश्वरांच्या नाकाकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि शेंगदाण्यांचा पुडा मोरेश्वर आणि जागृती यांच्या मध्ये धरला.

"मग मीपण तिकडूनच," ते म्हणाले.